व्हिडिओ ब्राउझरमध्येच कापता येऊ लागला, त्यामागची गोष्ट

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत आणि बडग्या या पुतळ्यांची मिरवणूक निघते आणि महाल-इतवारीच्या गर्दीत जिकडेतिकडे मोबाईल वर होतात. संध्याकाळी स्टेटसला टाकायला मात्र हवा असतो लांबलचक शूटिंगमधला फक्त बडग्याचा तुकडा. आज ॲप न घेता, फाइल कुठेही अपलोड न करता, ब्राउझरमध्येच तो कापता येतो.

एकेकाळी ब्राउझरला व्हिडिओ नुसता दाखवायलाही फ्लॅशचं प्लगइन लागे. २००७ मध्ये ऑपेरा ब्राउझरच्या कंपनीने व्हिडिओ टॅग (वेबपानात व्हिडिओ बसवणारी खूण) सुचवला, २००९ मध्ये तो फायरफॉक्स ३.५ मध्ये आला. पण चालव, थांबव, अमुक सेकंदावर जा, एवढंच त्याला समजे. तुकडा कापून नवी फाइल बनवणं त्याच्या गावीही नव्हतं. म्हणून ‘ऑनलाइन’ कटर फाइल आपल्या सर्व्हरवर चढवून घेत आणि बहुधा तिथे एफएफएमपेग चालवत. फाब्रिस बेलार यांनी २००० साली सुरू केलेलं हे व्हिडिओ कापणारं-बदलणारं, सी या प्रोग्रामिंग भाषेतलं सॉफ्टवेअर. वीस सेकंदांसाठी अख्खी फाइल चढवायची, हा उफराटाच कारभार!

तोडगा भलतीकडून आला. मोझिलात अलॉन झकाई यांनी एम्स्क्रिप्टेन रचलं. त्यातून सीमधला कोड ब्राउझरला कळणाऱ्या जावास्क्रिप्टमध्ये उतरवता येऊ लागला. २०१७ मध्ये चारही मोठ्या ब्राउझरांत असा कोड आणखी वेगाने चालवणारी वेबअसेम्ब्ली आली आणि पुढे एफएफएमपेगच पानात चालू लागलं. वेगाला मात्र खीळ बसली होती. जानेवारी २०१८ मध्ये प्रोसेसरमधली स्पेक्टर ही त्रुटी उघड झाली आणि एकाच वेळी चालणाऱ्या अनेक कामांना (थ्रेडना) एकच मेमरी वापरू देणारं शेअर्डअॅरेबफर ब्राउझरांनी बंद केलं. नंतर ते परतलं, पण सर्व्हरने पानासोबत ठराविक हेडर (ब्राउझरसाठीच्या सूचना) पाठवले तरच.

कापण्यातली खरी मेख वेगळीच आहे. एच.२६४ या व्हिडिओ दाबून साठवण्याच्या पद्धतीत बहुतेक फ्रेम पूर्ण चित्र साठवत नाहीत, दुसऱ्या फ्रेमपेक्षा काय बदललं तेवढंच साठवतात. पूर्ण चित्र असतं कीफ्रेममध्ये. पुन्हा एन्कोड न करता, म्हणजे साठवलेल्या फ्रेम जशाच्या तशा उचलून, कापलं तर काम क्षणात होतं, पण तुकडा कीफ्रेमपासूनच सुरू करावा लागतो. चौदावा सेकंद मागावा आणि बारावा मिळावा. स्टेटसला तेवढं चालतं, माझ्या मते बहुतेकांना तेच पुरे. सीताबर्डीत लग्नाचा व्हिडिओ एडिट करणाऱ्याला नाही चालणार.

त्याच्या कामाचं वेबकोडेक्स हे ब्राउझरमधलं साधन २०२१ मध्ये क्रोम ९४ सोबत आलं. त्यामुळे उपकरणातलाच हार्डवेअर डिकोडर (दाबलेला व्हिडिओ उलगडणारा भाग) जावास्क्रिप्टला वापरता येतो, फ्रेमगणिक कापता येतं. डेस्कटॉपवरच्या फायरफॉक्सला ते यायला २०२४ उजाडलं. एमपी४ फाइल उघडणं आणि पुन्हा बांधणं मात्र त्यात नाही. त्यासाठी एमपी४बॉक्ससारखी लायब्ररी वेगळी जोडावी लागते.