सार्क: चाळीस बंदुकांचं वतन

सार्क म्हटलं की आपल्याला दक्षिण आशियाई देशांची संघटना आठवते. हे सार्क वेगळं. इंग्लिश खाडीत, फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ जेमतेम साडेपाच चौरस किलोमीटरचं बेट. वस्ती पाचशेच्या आसपास. मोटारींना बंदी, ट्रॅक्टरला मात्र परवानगी. ब्रिटिश राजाच्या छत्राखाली असलं, तरी ते युनायटेड किंगडमचा भाग नाही.

तिथल्या राज्यकारभाराचं मूळ चाचेगिरीत आहे. ओसाड बेट समुद्री लुटारूंच्या हाती जाऊ नये म्हणून १५६५ मध्ये पहिल्या एलिझाबेथ राणीने ते शेजारच्या जर्सी बेटावरच्या हेलिएर द कार्तरेला वतन म्हणून दिलं. मुख्य अट अशी: रक्षणाला चाळीस हत्यारबंद माणसं कायम हवीत. त्याने जमिनीचे चाळीस तुकडे पाडून कुळं बसवली. ज्याची जमीन, त्याची बंदूक. हीच कुळं पुढे ‘चीफ प्लीज’ या बेटाचा कारभार पाहणाऱ्या सभेत हक्काने बसू लागली. जमीन विकत घेतली की सभेतली जागाही आलीच! वतनदाराला म्हणायचं सेन्योर. बेटावर कबुतरं पाळण्याचा हक्क फक्त त्याचा.

‘क्लामेर द हारो’ हा नॉर्मन कायदाही इथे टिकून राहिला. कुणी तुमच्या हद्दीत भिंत घालू लागला, तर साक्षीदारांसमोर गुडघे टेकून ‘हारो! हारो! हारो!’ असा टाहो फोडायचा आणि राजाची मदत मागायची. निकाल लागेपर्यंत काम बंद. आपल्याकडची द्वाहीच म्हणा ना.

१९२२ मध्ये सभेत १२ निवडून आलेले प्रतिनिधी आले, पण बहुमत जमीनमालकांचंच राहिलं. १९९३ मध्ये शेजारचं ब्रेकू बेट विकत घेणाऱ्या बार्कले बंधू या ब्रिटिश अब्जाधीशांनी या जुन्या कायद्यांना आव्हान दिलं. युरोपीय मानवी हक्कांच्या कराराचाही रेटा होताच. अखेर १० डिसेंबर २००८ रोजी २८ जागांसाठी पहिली खुली निवडणूक झाली. गंमत अशी, की बार्कलेंच्या बाजूचे बहुतेक उमेदवार पडले. बार्कलेंनी लगेच बेटावरची आपली हॉटेलं आणि दुकानं बंद केली. शंभरावर लोकांचा रोजगार गेला. नंतर ती पुन्हा उघडली.

आता जागा १८ आहेत. सेन्योरपद मात्र अजून आहे, आणि राजघराण्याला द्यायचा वार्षिक सारा आहे १ पौंड ७९ पेन्स.