बाईच्या कुंचल्यात डोंगर आला कुठून?

हाँगकाँगच्या एशिया सोसायटीत २०१७ मध्ये चिनी चित्रकर्ती फांग झाओलिंग यांच्या शाईच्या चित्रांचं मोठं प्रदर्शन भरलं. फांग म्हटलं की आठवतात डोंगर, कडे आणि धोंडे. यात विशेष काय, असं वाटेल. पण चिनी परंपरेत बाईच्या वाट्याला डोंगर सहसा येत नसे.

चित्रं बायका काढत, आणि उत्तम काढत. ग्वान दाओशंग (१२६२–१३१९) यांचा बांबू आजही नावाजला जातो. मिंग काळातली (१३६८–१६४४) नानजिंगची गणिका मा शौझन ऑर्किडसाठी प्रसिद्ध होती. बांबू, ऑर्किड, फुलं-पाखरं, म्हणजे अंगणातून दिसेल तेवढं जग. पर्वतचित्रं विद्वान पुरुषांची. मिंग काळातला विद्वान चित्रकार दोंग चीचांग याचं म्हणणं होतं, चित्रकाराने दहा हजार पुस्तकं वाचावीत आणि दहा हजार ली (एक ली म्हणजे साधारण अर्धा किलोमीटर) वाट तुडवावी. लहानपणीच पावलं घट्ट बांधून खुंटवलेल्या बाईने ती कशी तुडवायची? चित्रकर्ती चेन शू (१६६०–१७३६) यांनी डोंगरही रंगवले, पण जुन्या उस्तादांची चित्रं समोर ठेवून. त्यांचं काम चियानलोंग सम्राटाच्या संग्रहात पोचलं तेही दरबारात अधिकारी असलेल्या मुलामुळे.

फांग १९१४ मध्ये वुशीच्या कारखानदार घरात जन्मल्या. त्या अकरा वर्षांच्या असताना वडिलांची हत्या झाली. आईने मात्र मुलींचं शिक्षण थांबवलं नाही. चित्रकला शिकून १९३७ मध्ये त्या मँचेस्टरला गेल्या, तेही आधुनिक युरोपचा इतिहास शिकायला! पुढे लग्न, युद्ध, देशोदेशीचे मुक्काम आणि शेवटी हाँगकाँग. तिथे १९५० मध्ये पती वारले. पदरात आठ मुलं, शिवाय पतीचा आयात-निर्यातीचा व्यवसाय. त्यांनी तो सांभाळला आणि कुंचलाही पुन्हा हातात घेतला.

आधी दक्षिण चीनमधल्या लिंगनान शैलीचे झाओ शाओआंग, मग झांग दाचियान हे गुरू लाभले. दाचियान म्हणजे वायव्य चीनमधल्या दुनहुआंगच्या बौद्ध गुहांमध्ये दोनेक वर्षं राहून भित्तिचित्रांच्या नकला करणारे. त्या चित्रांचं भारतीय मूळ शोधत ते १९५० मध्ये आपल्या अजिंठ्यालाही येऊन गेले होते. गुरूच असे भटके म्हटल्यावर शिष्या घरात कशी बसेल? चाळिशी ओलांडल्यावर फांग ऑक्सफर्डला गेल्या, प्राचीन छू प्रदेशाच्या कवितांचा अभ्यास करायला. मुलांकडे आजीने पाहिलं. त्यांतलीच एक मुलगी, अँसन चॅन, पुढे हाँगकाँग प्रशासनाची मुख्य सचिव झाली. फांग यांची ओळख करून देताना बातम्यांत अजूनही आधी लेकीचं नाव येतं, हे जरा खटकतंच.

या भटकंतीत त्यांचा हात बदलला. गुरूंची नजाकत मागे पडली आणि सुलेखनाचा जाड, खडबडीत फटकारा पुढे आला. त्यांच्या धोंड्यांना रेखीव म्हणवत नाही. ते थेट कागदावर रचल्यासारखे दिसतात. इंग्लंडमधलं स्टोनहेंज हे प्राचीन शिळावर्तुळ त्यांनी चिनी शाईत उतरवलं. चीनला परतून उत्तरेकडच्या पिवळ्या मातीतली गुहाघरं पाहिली, ती रंगवली. व्हिएतनाममधून होड्यांत जीव मुठीत धरून निघालेले निर्वासितही त्यांच्या चित्रांत आले. डोंगर केवढाही असो, त्यावर कुठेतरी मुंगीएवढी माणसं असतात, आणि बहुतेक वेळा ती चालत असतात.