पोथी तगते की नाही, हे शाई ठरवते

महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या प्राच्यविद्या मंदिराचं नाव बडोद्याबाहेर झालं ते वाल्मीकी रामायणाच्या चिकित्सक आवृत्तीमुळे. १९७५ पर्यंत सातही कांडं छापून झाली. त्यासाठी निरनिराळ्या लिप्यांतल्या पोथ्यांचे पाठ ओळीओळीने ताडून पाहिले गेले. पंडितांना त्यांतला मजकूर हवा असतो. मला त्यांतलं रसायनशास्त्र जास्त चवदार वाटतं.

दक्षिणेतली ताडपत्रं घ्या. पान उकळून, वाळवून, घोटून गुळगुळीत करायचं आणि लोखंडी टोकाने अक्षरं कोरायची. नुसतं कोरलेलं पान नीट वाचता येत नाही, ओरखडे तेवढे दिसतात. तेलात कालवलेली काजळी चोळून पुसली की ती खाचांत बसते आणि ओळी उमटतात. गुजरातेतल्या जुन्या जैन ताडपत्रांवर मात्र शाईनेच लिहीत.

काजळी म्हणजे जवळपास निव्वळ कार्बन; डिंकाच्या पाण्यात कालवली की तिची शाई होते. उन्हाने विटत नाही, हवेने बदलत नाही. पाणी लागलं मात्र की डिंक सुटतो आणि अक्षर पसरतं.

हिराकस-हिरड्याच्या शाईचं उलटं. हिराकशीतलं लोह आणि हिरड्यातलं टॅनिन मिळून होणारा काळा रंग कागदाच्या तंतूंत मुरतो, सहजी धुतला जात नाही. पण या क्रियेत गंधकाम्लही तयार होतं, आणि उरलेलं लोह हवेतल्या ऑक्सिजनच्या साथीने कागदाचे तंतू ज्याचे बनतात त्या सेल्युलोजच्या साखळ्या तोडत राहतं. काळाची तपकिरी होते, दाट लिहिलेल्या जागी कागद तडकतो. कधी अक्षरच गळून पडतं आणि त्याच्या आकाराचं भोक उरतं! चित्रांतला जंगाल, हा तांब्याचा हिरवा रंग, तोच उद्योग करतो: चौकट जळते, आतलं चित्र सुटून हातात येतं.

शाई कोणती, हे पान न खरवडता कळतं. अवरक्त (इन्फ्रारेड) प्रकाशात काजळी काळीच राहते, लोहाची शाई फिकी होत जवळजवळ दिसेनाशी होते. साध्या डोळ्यांना एकसारख्या दिसणाऱ्या ओळीत कुणी मागाहून दुसऱ्या शाईने फेरफार केला असेल, तर तो असा पकडता येतो.

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या जुन्या घरांत माळ्यावर बासनात बांधलेल्या पोथ्या अजून सापडतात. त्या लॅमिनेट करू नका. उष्णतेने कागद दुखावतो आणि आम्लही आतच कोंडतं. धूळ मऊ कोरड्या कुंचल्याने झटका. ओलं फडकं तर लावूच नका, शाई काजळीची असेल तर पणजोबांचं अक्षर फडक्यावर येईल.