नरसंहारातून बचावलेल्यांचे लेखन

वंश, धर्म किंवा राष्ट्रीयत्वावरून एखादा समूहच संपवण्याचा प्रयत्न झाला आणि त्यातून जे जिवंत राहिले, त्यांनी लिहिलेल्या आठवणी, रोजनिश्या, कविता व जबान्या या प्रकारात येतात. नरसंहारविरोधी करार संयुक्त राष्ट्रांनी ९ डिसेंबर १९४८ रोजी स्वीकारला. भारताने त्याला १९५९ मध्ये मान्यता दिली. हे लेखन का वाचावे, याचा विचार येथे पुण्यातील मराठी वाचकाला समोर ठेवून केला आहे.

पुण्यात या विचाराची सुरुवात एका खटकणाऱ्या गोष्टीपासून करावी लागते. अप्पा बळवंत चौकाच्या परिसरात हिटलरचे आत्मचरित्र सहज मिळते, मराठीतही मिळते. ‘या देशाला हिटलरच पाहिजे’ हे वाक्य शिकल्यासवरल्या घरांतही कानावर पडते. बोलणाऱ्याला अभिप्रेत असते ती शिस्त आणि झटपट निर्णय. छळछावणीतला माणूस त्याच्या डोळ्यांसमोर येत नाही, कारण त्या माणसाचे म्हणणे त्याने कधी वाचलेलेच नसते.

इटलीतल्या तुरिनचा तरुण ज्यू रसायनशास्त्रज्ञ प्रीमो लेवी फेब्रुवारी १९४४ मध्ये ऑशविट्झ या नाझी छळछावणीत पोचला. रेल्वेच्या ज्या डब्यातून त्याला नेले त्यात ४५ माणसे होती; त्यांतली चारच पुन्हा घरी आली. त्याच्या हातावर १७४५१७ हा क्रमांक गोंदला गेला. सुमारे साठ लाख ज्यू मारले गेले, हे पाठ्यपुस्तकात एका ओळीत येते आणि परीक्षेनंतर विसरले जाते. लेवी बुटांबद्दल सांगतो. मापाचे नसलेले, लाकडी तळाचे बूट पाय सोलतात, जखम चिघळते, चाल मंदावते आणि ज्याची चाल मंदावली त्याचे दिवस भरले. सूपच्या रांगेत पुढे घुसू नये, कारण पातेल्यात वरचे सूप पाणचट आणि तळाचे दाट असते, हे तिथले शहाणपण. माणसाला मारण्याआधी त्याचे माणूसपण किती पद्धतशीरपणे काढून घेतले जाते, ते अशा तपशिलांतून समजते. सरकारी हुकूम कितीही चाळले तरी हे हाती लागत नाही.

छावणीत लेवीला एक स्वप्न पुन्हा पुन्हा पडे. तो घरी परतला आहे, घडलेले सगळे सांगतो आहे आणि कोणाचे लक्ष नाही. बहीण त्याच्याकडे बघते आणि एक शब्द न बोलता निघून जाते. युद्धानंतर ते बरेचसे खरे झाले. एका नामांकित प्रकाशनसंस्थेने छावणीतल्या त्याच्या आठवणींचे हस्तलिखित नाकारले. १९४७ मध्ये एका छोट्या प्रकाशकाने २,५०० प्रती काढल्या. आधी नाकारणाऱ्या संस्थेने १९५८ मध्ये नवी आवृत्ती काढल्यावर मग पुस्तक जगभर गेले. ऐकणारा मिळेपर्यंत साक्ष अपुरीच राहते. या लेखनाच्या वाचकाचे स्थान म्हणूनच इतर वाचकांहून वेगळे आहे.

आफ्रिकेतल्या रवांडात एप्रिल १९९४ पासून सुमारे शंभर दिवस बहुसंख्य हुतूंमधल्या कट्टरपंथीयांनी अल्पसंख्य तुत्सींची कत्तल चालवली. तिथल्या साक्षींमधली सगळ्यांत अस्वस्थ करणारी गोष्ट म्हणजे मारेकरी पुष्कळदा शेजारी, ओळखीचे, एकाच चर्चमध्ये जाणारे असत. रेडिओवरून तुत्सींना झुरळे म्हटले जात होते. इमाक्युले इलिबागिझा हिने इतर सात स्त्रियांसह ९१ दिवस एका हुतू पाद्र्याच्या न्हाणीघरात लपून काढले. मारणारे आणि वाचवणारे एकाच गावात होते, हे तिच्या कहाणीतून कळते.

या लेखनाच्या मर्यादाही आहेत. बचावलेले हे मुळात अपवाद. खरे साक्षीदार परतलेच नाहीत, असे लेवीने १९८६ मध्ये स्वतःच लिहिले. स्मरणात चुका होतात. १९९५ मध्ये गाजलेल्या, छावणीतल्या बालपणाच्या एका आत्मकथनाचा बनावटपणा पुढे उघड झाला. म्हणून जबानी इतिहासाच्या कागदपत्रांसोबत वाचावी.

पुण्याला हा विषय परका नाही. रास्ता पेठेत मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल या ज्यू समाजाचे सिनेगॉग (प्रार्थनास्थळ) आहे आणि कॅम्पातले लाल देऊळ म्हणून ओळखले जाणारे सिनेगॉग १८६७ चे आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी पुरंदर किल्ल्यावर जर्मन नागरिकांसाठी स्थानबद्धांची छावणी केली होती. हिटलरच्या तावडीतून निसटून आलेल्या ज्यूंनाही तिथे शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून ठेवले गेले. दलित आत्मकथनांनी सोसलेल्याच्या तोंडून ऐकण्याची सवय मराठी वाचकाला १९७० च्या दशकापासून लावली आहे. दोन्ही इतिहास सारखे नव्हेत, पण ही सवय इथे उपयोगी पडते.

छळछावण्यांतून बचावलेले मानसोपचारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रँकल यांचे पुस्तक मराठीत ‘अर्थाच्या शोधात’ या नावाने आले आहे. ते बहुधा जगण्याची उमेद देणारे म्हणून भेट दिले जाते. फ्रँकल यांचे आई, वडील, भाऊ आणि पत्नी हे चौघेही छावण्यांत मरण पावले. हे बाजूला ठेवून ते वाचणे म्हणजे अर्धेच वाचणे होय.