अभियांत्रिकी विद्यार्थिनींच्या संघटना

अभियांत्रिकी महाविद्यालयांतील मुलींनी अभ्यासात आणि नोकरीच्या तयारीत एकमेकींना साथ देण्यासाठी, तसेच शाळकरी मुलींना या क्षेत्राची ओळख करून देण्यासाठी चालवलेली मंडळे. त्यांतली बहुतेक एखाद्या मोठ्या व्यावसायिक संस्थेची विद्यार्थी शाखा असतात. अमेरिकेतील विद्यापीठांत ‘सोसायटी ऑफ विमेन इंजिनिअर्स’, म्हणजे एसडब्ल्यूईच्या शाखा सर्वत्र आढळतात. महाराष्ट्रात मुख्यतः आयईईई या विद्युत व इलेक्ट्रॉनिक्स अभियंत्यांच्या जागतिक संस्थेच्या ‘विमेन इन इंजिनिअरिंग’ विभागाचे गट दिसतात. महाविद्यालयांत त्याला नुसते ‘डब्ल्यूआयई’ म्हणतात.

उगम

संपूर्ण वर्गात एखाददुसरीच मुलगी, अशा काळात ही मंडळे सुरू झाली. मिशिगन विद्यापीठात १९१४ साली अभियांत्रिकी आणि वास्तुशास्त्र शिकणाऱ्या मुलींनी ‘टी-स्क्वेअर सोसायटी’ काढली. ड्रॉइंगच्या तासाला बोर्डावर सरकवायची ती लांब पट्टी म्हणजे टी-स्क्वेअर. कोलोरॅडो विद्यापीठात १९१९ मध्ये लू आल्टा मेल्टन, हिल्डा काउंट्स आणि एल्सी ईव्ह्ज यांनी त्यापुढचे पाऊल टाकले. देशभरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांना पत्रे पाठवून त्यांनी तुमच्याकडे मुली आहेत का, असे विचारले. आमच्याकडे मुली नाहीत आणि येतील असे वाटतही नाही, अशा अर्थाची उत्तरे बऱ्याच ठिकाणांहून आली. त्यांची संघटना पुढे टिकली नाही. तरीही विखुरलेल्या मुलींची नावे प्रथम एका यादीत आणण्याचे काम या विद्यार्थिनींनी केले, आणि ते लहान नव्हते.

त्याच वर्षी, २३ जून १९१९ रोजी, लंडनमध्ये ‘विमेन्स इंजिनिअरिंग सोसायटी’ स्थापन झाली. पहिल्या महायुद्धात कारखान्यांतली यंत्रे चालवणाऱ्या स्त्रियांना युद्ध संपताच कायद्याच्या आधाराने बाहेर काढले जात होते. रेचल पार्सन्स संस्थेच्या पहिल्या अध्यक्ष आणि कॅरोलिन हॅस्लेट पहिल्या सचिव होत्या. २३ जून हा आता आंतरराष्ट्रीय महिला अभियंता दिन म्हणून पाळला जातो.

अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धानंतर असेच घडले. पूर्व किनाऱ्यावरचे विद्यार्थिनींचे आणि नोकरदार स्त्री-अभियंत्यांचे छोटे गट मे १९५० मध्ये न्यू जर्सीत, कूपर युनियन महाविद्यालयाच्या शिबिराच्या जागी एकत्र जमले आणि एसडब्ल्यूई उभी राहिली. पहिल्या अध्यक्ष बिअ‍ॅट्रिस हिक्स केमिकल इंजिनिअर होत्या. वायूची घनता ओळखणारा स्विच त्यांनी तयार केला होता.

गिंडीच्या तिघी

भारतात अशी औपचारिक संघटना नव्हती, तरी तिची गरज फार आधीच दिसली होती. मद्रासजवळच्या गिंडी येथील अभियांत्रिकी महाविद्यालयात १९४० मध्ये ए. ललिता यांनी इलेक्ट्रिकलला प्रवेश घेतला. अठराव्या वर्षी त्यांना वैधव्य आले होते आणि पदरी लहान मुलगी होती. वडील पप्पू सुब्बाराव त्याच महाविद्यालयात प्राध्यापक होते. शेकडो मुलग्यांत ही एकटीच मुलगी. वसतिगृहातला तो एकटेपणा वडिलांच्या लक्षात आला. महाविद्यालयाचे दार मुलींसाठी उघडले आहे, हे लोकांना कळावे म्हणून त्यांनी जाहिरात दिली. त्यातून लीलम्मा जॉर्ज आणि पी. के. थ्रेसिया या दोघी सिव्हिलला आल्या. पुढे थ्रेसिया केरळच्या मुख्य अभियंता झाल्या. तिघींच्या या सोबतीला कोणी संघटना म्हटले नाही, पण आजची विद्यार्थिनी मंडळे जे करतात त्याचा गाभा त्यात होता. मुली एकमेकींना दिसल्या, म्हणून टिकल्या.

एसडब्ल्यूईने १९६४ मध्ये न्यूयॉर्कला स्त्री अभियंत्यांची आणि शास्त्रज्ञांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरवली. भाक्रा नांगल धरणाच्या विद्युत कामात भाग घेतलेल्या ललिता त्या परिषदेला गेल्या होत्या. भारतात तेव्हा या संघटनेची शाखा नव्हती, म्हणून त्या वैयक्तिक नात्याने गेल्या. पुढच्या वर्षी त्या लंडनच्या संस्थेच्या सभासद झाल्या.

महाराष्ट्रातली स्थिती

महाराष्ट्रात आज वर्गात मुली नाहीत अशी तक्रार सहसा ऐकू येत नाही. अभियांत्रिकी प्रवेशात मुलींसाठी ३० टक्के जागा राखीव आहेत. महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेने १९९१ मध्ये पुण्यात कर्वेनगरला फक्त मुलींचे अभियांत्रिकी महाविद्यालय काढले, आणि मुंबईत एसएनडीटी विद्यापीठाचे जुहूला आहे. वार्षिक आठ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ठरावीक प्रवर्गांतील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमाचे शिक्षण शुल्क २०२४-२५ पासून राज्य शासन पूर्ण भरते. कॉम्प्युटर, आयटी आणि ईएनटीसी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स व टेलिकम्युनिकेशनच्या वर्गांत मुली भरपूर असतात. मेकॅनिकलच्या वर्कशॉपमध्ये मात्र लेथभोवती उभ्या मुली अजूनही बोटांवर मोजता येतात.

त्यामुळे इथल्या मंडळाचे काम वेगळे असायला हवे. अडचण प्रवेशापेक्षा पदवीनंतर जास्त जाणवते. प्रॉडक्शनच्या जागेसाठी मुलगी घ्यावी का, हा प्रश्न कंपन्यांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या विचारला गेला आहे. १९७४ मध्ये टाटांच्या टेल्कोने, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सने, ‘स्त्रियांनी अर्ज करू नयेत’ अशी जाहिरात दिली. सुधा कुलकर्णी, म्हणजे आजच्या सुधा मूर्ती, यांनी जे. आर. डी. टाटा यांना पोस्टकार्ड पाठवून त्याबद्दल जाब विचारला. त्यांना मुलाखतीला बोलावणे आले आणि त्या कंपनीच्या पुण्याच्या कारखान्यात रुजू झाल्या. १९४८ च्या कारखाना कायद्यानेही स्त्रियांना रात्रपाळीची मनाई होती. महाराष्ट्राने ती अटी घालून पुढे शिथिल केली. ज्या मंडळाच्या कार्यक्रमात रात्रपाळी, बदली, बाळंतपणाची रजा आणि साइटवरचे स्वच्छतागृह यांवर नोकरी करणारी बाई मोकळेपणी बोलते, ते मंडळ मुलींना खरे काही देते. ८ मार्चला गुलाबाचे फूल, रांगोळी स्पर्धा आणि मान्यवरांचे भाषण एवढ्यावर वर्षाचा हिशेब संपवणाऱ्या गटांची संख्या दुर्दैवाने कमी नाही.

सामील होणे

डब्ल्यूआयईच्या गटात येण्यासाठी आधी आयईईईचे विद्यार्थी सभासदत्व घ्यावे लागते. ते घेतले की डब्ल्यूआयईसाठी विद्यार्थ्यांना वेगळी फी नसते. मुलगेही सभासद होऊ शकतात. सभासदत्व कॅलेंडर वर्षावर चालते, तर महाविद्यालयाची कोअर कमिटी शैक्षणिक वर्षानुसार बदलते. त्यामुळे जानेवारीत नूतनीकरणाची आठवण करून देणारी एखादी मुलगी कमिटीत लागतेच. वर्गणी विद्यार्थ्यांसाठी सवलतीची असली तरी ती मोठ्या संस्थेची वर्गणी आहे, आणि गावाकडून आलेल्या मुलीला ती जड वाटू शकते. बरीच मंडळे कार्यक्रम सर्वांसाठी खुले ठेवतात आणि मदतीसाठी सभासदत्वाची अट घालत नाहीत. तसेच असावे.

फर्स्ट इयरला बहुतेकजणी नुसत्या कार्यक्रमांना बसतात. खरी ओळख सेकंड इयरला काम अंगावर घेतल्यावर होते. सेमिनार हॉल मिळवणे हेच पहिले प्रशिक्षण असते. प्राचार्यांच्या नावाने अर्ज लिहायचा, त्यावर विभागप्रमुखांची सही घ्यायची, फॅकल्टी कोऑर्डिनेटरांची शिफारस जोडायची, प्रोजेक्टरसाठी लॅब असिस्टंटना आधी सांगून ठेवायचे, आणि वसतिगृहातल्या मुलींना उशीर होणार असेल तर रेक्टरबाईंना वेगळे पत्र द्यायचे. यातला एक कागद राहिला तरी वक्त्या दारात उभ्या आणि हॉलला कुलूप, असे होते. हे सगळे केलेली मुलगी मुलाखतीत ‘टीमवर्क’वर बोलते तेव्हा तिच्याकडे सांगायला खरे उदाहरण असते.

चेअरपर्सनपदाकडे सगळ्यांचे लक्ष असते, पण शिकायचे असेल तर खजिनदारपद चांगले. स्पॉन्सर मिळवणे, पावत्या जपणे, खर्चाचा हिशेब महाविद्यालयाच्या लेखा विभागात पटवून देणे, ही कामे अभ्यासक्रमात कुठेच नसतात. परीक्षेच्या आणि सबमिशनच्या महिन्यात कार्यक्रम ठेवू नये, हा साधा नियम दरवर्षी नव्या कमिटीला नव्याने कळतो. म्हणून जुन्या कमिटीने एक वही किंवा सामायिक फाइल मागे ठेवावी. कोणत्या कंपनीतल्या कोणत्या ताई बोलायला आल्या, किती खर्च झाला आणि काय फसले, हे त्यात असावे. ज्या शाखांत ही पद्धत नसते, त्या एक चांगली बॅच बाहेर पडली की थंडावतात.

शाळांमधले काम

मंडळांच्या कामांतला सर्वांत समाधानाचा भाग शाळाभेटींचा. जिल्हा परिषदेच्या किंवा महापालिकेच्या शाळेत सातवी-आठवीच्या मुलींसमोर ब्रेडबोर्ड (सोल्डरिंग न करता सर्किट जोडायची छिद्रांची पाटी), नऊ व्होल्टची बॅटरी आणि लाल एलईडी ठेवायचे. एलईडी उलटा लावला की पेटत नाही. लांब पाय धन बाजूला लागतो हे मुली स्वतः शोधून काढतात. थेट बॅटरीला जोडला तर जळतो, म्हणून प्रवाह कमी करणारा ४७० ओहमचा रेझिस्टर मध्ये घालायचा. नऊमधून एलईडीवरचे साधारण दोन व्होल्ट वजा करायचे, उरलेल्या सातला ४७० ने भागायचे, आणि प्रवाह सुमारे १५ मिलिअ‍ॅम्पियर येतो. आठवीच्या मुलीला हे गणित जमते. समजावून सांगणारी ताई फक्त सहा-सात वर्षांनी मोठी असते, तिच्यासारखीच मराठी बोलते, आणि तिच्या हातात सोल्डरिंगचा डाग असतो. मोठ्या पाहुण्यांच्या भाषणापेक्षा या ताईचा परिणाम जास्त खोल होतो, असे हे काम जवळून पाहिलेल्या कुणीही सांगेल. शाळेची परवानगी मुख्याध्यापकांकडून लेखी घ्यावी, आणि एकदा जाऊन थांबण्यापेक्षा त्याच शाळेत वर्षभर जात राहावे.

परदेशी शिकायला गेलेल्या मुली

एमएससाठी अमेरिकेला गेलेल्या मराठी मुलींना एसडब्ल्यूईची शाखा बहुधा पहिल्या सत्रातच भेटते. तिथल्या शाखेला प्राध्यापक सल्लागाराबरोबर नोकरी करणारी एक स्त्री-अभियंताही मार्गदर्शक असते. ‘ईव्हनिंग विथ इंडस्ट्री’ या नावाने अनेक शाखा कंपन्यांच्या प्रतिनिधींबरोबर संध्याकाळचे जेवण ठेवतात. शरद ऋतूतल्या वार्षिक परिषदेतल्या करिअर मेळाव्यात कंपन्या जागेवरच मुलाखती घेतात. भारतीय मुलीने तिथे पहिला प्रश्न व्हिसा-स्पॉन्सरशिपचा, म्हणजे कंपनी नोकरीच्या व्हिसासाठी अर्ज करेल का, हा विचारावा आणि मगच रांगेत उभे राहावे, हे सीनियर मुली ज्युनिअरना सांगून ठेवतात. या संस्थेचे सभासद-गट आता पुण्यात आणि बंगळुरूतही आहेत. त्यामुळे परत आलेली किंवा इथेच राहिलेली अभियंता विद्यार्थिदशेतले नाते नोकरीत पुढे चालू ठेवू शकते.