कमांडर डावातील डेकरचना

'मॅजिक: द गॅदरिंग' या पत्त्यांच्या खेळाच्या 'कमांडर' प्रकारात साधारणपणे चौघे एका टेबलाभोवती बसतात, प्रत्येकाजवळ स्वतः बांधलेला डेक (पत्त्यांचा संच) असतो आणि शेवटपर्यंत टिकेल तो जिंकतो. मेंढीकोटासारख्या ठरलेल्या जोड्या इथे नाहीत. दोस्ती झालीच तर एखाद्या फेरीपुरती. तिघांविरुद्ध एकट्याने कसे टिकायचे, याच प्रश्नातून इथली सगळी डेकरचना निघते.

रिचर्ड गारफील्ड यांनी रचलेला हा खेळ 'विझर्ड्स ऑफ द कोस्ट' कंपनीने १९९३ मध्ये बाजारात आणला, तो मुख्यतः दोघांनी खेळायचा म्हणून. कमांडर मात्र खेळणाऱ्यांनीच घडवला. १९९४ च्या 'लेजेंड्स' संचातल्या पाच थोरल्या ड्रॅगनपैकी एकाला सेनापती करून अलास्कातली काही मंडळी खेळत. म्हणून त्याचे जुने नाव 'एल्डर ड्रॅगन हायलँडर'. शेल्डन मेनेरी या पंचांनी तो दूरवर पोचवला. २०११ मध्ये कंपनीने कमांडरचे तयार डेक काढले आणि २०२४ मध्ये नियमांचा कारभारही तिच्याकडे गेला.

डेक बरोबर १०० पत्त्यांचा. साधे लँड (माना, म्हणजे पत्ते खेळायचे चलन, देणारे पत्ते) सोडले तर कोणताही पत्ता दुसऱ्यांदा चालत नाही. कमांडर, म्हणजे डेकचा सेनापती पत्ता, पिसायच्या गठ्ठ्यात जात नाही. तो बाजूला उघडा राहतो, मेला तरी पुन्हा उतरवता येतो, फक्त दर खेपेस २ माना जास्त मोजावे लागतात. डेकमधले रंगही त्याच्याच रंगांत बसावे लागतात. दोघांच्या नेहमीच्या डावात प्रत्येकाला २० लाइफ (प्राणगुण) असते, इथे ४०. म्हणजे समोर तिघांचे मिळून १२०.

या १२० पुढे दोघांच्या डावातला हिशेब कोलमडतो. शेजाऱ्याचा एक राक्षस मारायला मी एक पत्ता खर्च केला, तर त्याचा एक गेला, माझा एक गेला आणि उरलेले दोघे फुकटात पुढे सरकले. दोघांचे भांडण, तिसऱ्याचा लाभ, इथे चौथ्याचाही. म्हणून एकाला एक मारणारे पत्ते बेताने ठेवतात आणि एका झटक्यात टेबल साफ करणाऱ्यांना भाव येतो. 'रॅथ ऑफ गॉड' ४ मानांत सगळे क्रीचर (लढणारे पत्ते) मारतो, आपलेही. 'प्रत्येक प्रतिस्पर्धी' असे लिहिलेले पत्तेही इथे तिप्पट कामाचे. 'ग्रे मर्चंट ऑफ अ‍ॅस्फोडेल' एकटा उतरला तरी तिघांचे दोन-दोन लाइफ जातात आणि आपल्याला ६ मिळतात. दोघांच्या डावात तोच पत्ता २ वर थांबतो.

दुसरी गोष्ट डोळ्यांवर येण्याची. ज्याचा बोर्ड (टेबलावर मांडलेले पत्ते) सर्वांत भरलेला, त्याच्यावर तिघे तुटून पडतात. नवखे खेळाडू डेक जोरदार बांधतात, पण तो जोर कधी दाखवायचा हे त्यांना उमगत नाही. माझ्या मते बहुतेक डाव तिथेच जातात. 'प्रोपगँडा'सारखा पत्ता कोणाला अडवत नाही, फक्त आपल्यावर धाडायच्या प्रत्येक क्रीचरमागे २ माना मागतो. तेवढ्याने वैऱ्याची नजर शेजारच्या ताटाकडे वळते. 'ऱ्हिस्टिक स्टडी'चा त्रास वेगळा. प्रतिस्पर्ध्याने स्पेल टाकला, म्हणजे लँडखेरीज पत्ता खेळला, की त्याने १ माना द्यायचा, नाहीतर मालक एक पत्ता उचलणार. 'एक देतोस का?' हा प्रश्न डावभर चालू राहतो. एकाने कंटाळून 'घे बाबा' म्हटले की फायदा मालकाचा आणि भुर्दंड तिघांना.

याउलट 'ग्रुप हग' डेक सगळ्यांनाच वाटत सुटतात. 'हाउलिंग माइन' प्रत्येकाला जास्तीचा पत्ता देते, पण आपण ती मांडल्यावर पहिला लाभ पुढच्या खेळाडूला होतो, हे दानशूर विसरतात. 'व्होल्ट्रॉन' डेक सगळी शस्त्रे एकट्या कमांडरवर चढवतात. एकाच कमांडरने लढाईत एखाद्या खेळाडूला एकूण २१ मार दिला की तो बाद, मग लाइफ कितीही असो. यात अडचण अशी की पहिला गडी बाद होताच उरलेले दोघे सावध झालेले असतात.

कोणतीही शैली घ्या, पाया तोच: ३६ ते ३८ लँड, दहाच्या आसपास माना वाढवणारे पत्ते, तेवढेच नवे पत्ते ओढणारे. ३७ लँड धरले तर सात पत्त्यांच्या पहिल्या हातात सरासरी २.६ लँड येतात. यात काटकसर करणारा तिसऱ्या टर्नला हात चोळत बसतो.

कॉम्बो डेक, म्हणजे मोजक्या पत्त्यांच्या जोडीने एकदम जिंकणारे, हा सारा हिशेबच ओलांडतात. 'डेमॉनिक कन्सल्टेशन'ने स्वतःचा गठ्ठा रिकामा करायचा आणि 'थासाज ओरॅकल'ने जिंकायचे. खर्च ३ माना, कोणाच्या लाइफला हातही न लावता. असा डेक तयार डेक घेऊन आलेल्या तिघांत बसला की डाव बेचव होतो. त्यावर उपाय म्हणून २०२५ मध्ये कंपनीने डेकच्या ताकदीच्या पाच पायऱ्या सुचवल्या. आपला डेक कोणत्या पायरीचा, हे पत्ते पिसण्याआधी एकमेकांना सांगायचे.