चकवा आणि कानातलं पाणी

परवा एक व्हिडिओ फिरत फिरत माझ्यापर्यंत आला. कोकणातल्या एका सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, दोन तरुण अमावास्येला ‘चकवा’ हे वाट चुकवणारं भूत शोधायला गेले होते. चकवा दिसला नाही, पण बॅटरीच्या उजेडात तेच करवंदीचं जाळं त्यांना दोनदा भेटलं आणि मागे भयाण संगीत सुरू झालं. त्या व्हिडिओतली एकमेव खरी गोष्ट म्हणजे ते जाळं.

चकवा लागलेला माणूस रात्रभर चालतो आणि उजाडल्यावर बघतो तर निघाला तिथेच. आयर्लंडमध्ये याचा दोष भारलेल्या ढेकळावर पाय पडण्याला देतात, इंग्लंडच्या डेव्हनमध्ये पिक्सी नावाच्या चिमुकल्या माणसांना, तर रशियात लेशी या रानदेवाला. अंगातला कपडा उलटा करून घालायचा, हा तोडगा तिन्हीकडे सांगतात! इतक्या दूरदूरच्या लोकांची तक्रार एकच असेल तर ती खरी मानावी. आरोपी मात्र तपासून घ्यावा.

जर्मनीतल्या माक्स प्लांक या संशोधन संस्थेत यान सौमन आणि सहकाऱ्यांनी तो तपासला. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात सहा जणांना सपाट जंगलात ‘सरळ चाला’ म्हणून सोडलं होतं. ढगाळ दिवशी चाललेले चौघेही गोल फिरले. तिघांनी तर आपलीच वाट पुन्हा पुन्हा ओलांडली आणि त्यांना पत्ताही लागला नाही. ऊन मिळालेले दोघे जवळजवळ सरळ गेले. डोळे बांधल्यावर काही जणांची वर्तुळं अवघ्या 20 मीटर व्यासाची झाली.

एवढं छोटं वर्तुळ कळत कसं नाही? त्याचा परीघ सुमारे 63 मीटर, म्हणजे जवळपास शंभर पावलं. एका पावलाला वळण चार अंशांहूनही कमी. आपल्या आतल्या कानात तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात, त्यांत द्रव असतो. डोकं वळायला लागलं की द्रव जरा मागे राहतो, नळीतला मऊ पडदा वाकवतो आणि मेंदूला वळण कळतं. पण वळण एकाच वेगानं चालू राहिलं, तर काही सेकंदांत द्रवही नळीबरोबर फिरू लागतो. पडदा सरळ होतो आणि कान सांगतो, ‘वळत नाही आहोत.’ म्हणजे या यंत्राला वळणाचा बदल कळतो, एकसारखं वळण नाही.

आता चुकांचा हिशेब. प्रत्येक पावलाला दिशा एखादा अंश डावी-उजवीकडे सरकते असं धरा. या चुका एकमेकींना पुरत्या खोडत नाहीत, कारण पुढचं ‘सरळ’ आपण आधीच्या वाकड्यावरून मोजतो. एकूण चूक पावलांच्या वर्गमुळाच्या पटीत वाढते: 100 पावलांत साधारण 10 अंश, 8100 पावलांत 90. त्यात ‘सरळ’ची जाणीवच एका बाजूला घसरली, की चूक प्रत्येक पावलाला त्याच बाजूला पडते आणि वर्तुळ तयार.

एक पाय आखूड किंवा दुबळा असतो म्हणून माणूस गोल फिरतो, हेही आपण ऐकलेलं असतं. तसं असतं तर तो नेहमी एकाच बाजूला वळला असता. प्रयोगात तोच माणूस कधी डावीकडे वळला, कधी उजवीकडे.

ही घसरण दुरुस्त करते ती लांबची स्थिर खूण: डोंगर, सूर्य, चंद्र. पावसाळी रात्री सड्यावर यातलं काहीच नसतं. सौमन यांच्याच प्रयोगात सहारा वाळवंटात एक जण पौर्णिमेच्या रात्री चालत होता. चंद्र दिसत होता तोवर ठीक. तो ढगाआड गेल्यावर स्वारी वळत वळत आल्या दिशेनं परत निघाली.

चकवा लागला की जागीच बसावं, उजाडेपर्यंत हलू नये, असं जुनी माणसं सांगायची. ताईत विकणाऱ्यांना ते परवडत नसणार.